गालातला खडा

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या उजव्या गालावर, कानापुढे, वर्षभर गाठ आहे. आधी मुगाएवढी होती, आता वाटाण्याएवढी झाली. दुखत नाही, पण खड्यासारखी कडक लागते. सुईच्या तपासणीत 'संशयास्पद पेशी' आल्या आहेत. सासूबाई चुना लावतात. घरी द्राक्षतोडणी चालू आहे, कामाच्या गडबडीत कुणाचं इकडे लक्ष नाही. काय करू?
– एक आई, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, आधी तो चुना बंद करा. त्याने कातडी भाजेल, डाग राहील, पण गाठ जाणार नाही.

मुलीला पाहिल्याशिवाय मी शिक्कामोर्तब करणार नाही. पण लहान वय, कानापुढची जागा आणि खड्यासारखा कडकपणा यावरून मला पायलोमॅट्रिक्सोमाची शंका येते. केस घडवणाऱ्या पेशींची ही साधी गाठ. आत कॅल्शियम साचतं म्हणून ती टणक लागते. वरची कातडी कधी निळसर दिसते. मॅलहर्ब आणि शेनांते यांनी १८८० मध्ये तिचं वर्णन केलं, तरी आजही ती पटकन कुणाच्या मनात येत नाही.

मग तो रिपोर्ट? सुईत येतो चिमूटभर ऐवज. त्यात नुसत्या दाट, गडद केंद्रकाच्या पेशी आल्या तर त्या कॅन्सरसारख्या दिसतात. खूण पटते ती घोस्ट सेलने, म्हणजे केंद्रक पुसलं जाऊन नुसती चौकट उरलेल्या पेशींनी. (हे नाव सासूबाईंना सांगू नका!) सुरुवातीच्या काळात अशाच एका रिपोर्टने माझीही झोप उडाली होती. कॉलेज रोडवरच्या एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टकडे स्लाइड, म्हणजे सुईतल्या पेशी पसरलेली काच, नेली. त्यांनी डोळा न हलवता म्हटलं, "ही काय तुमची भुतं, कोपऱ्यात बसलीत."

ही गाठ औषधाने विरघळत नाही, आपोआप जात नाही. ती अख्खी काढावी लागते. कातडीला चिकटली असेल तर तेवढी कातडीही. तुकडा मागे राहिला तर पुन्हा येऊ शकते. मुलीला पूर्ण भूल द्यावी लागेल. चीर कातडीच्या नैसर्गिक रेषेत घेतात. चेहरा हलवणारी नस लाळग्रंथीतून जाते आणि तिच्या फांद्या गालात पुढे पसरतात, म्हणून आधी सोनोग्राफीत गाठीची खोली बघून घ्या. काढलेली गाठ तपासणीला पाठवायचीच. शेवटचा शब्द तिचा.

ऑपरेशनची तारीख तोडणीनंतर ठरवता येईल का, ते स्लाइड बघितल्यावर सांगते. स्लाइड मात्र याच आठवड्यात आणा, नुसता रिपोर्टचा कागद नको.