वाचकांचे प्रश्न : मर्ल ओबेरॉन, मुंबईत जन्मलेली इंग्लिश नायिका

गेल्या अंकात १९३० च्या दशकातील इंग्रजी चित्रपटांविषयी लिहिताना मर्ल ओबेरॉन या ब्रिटिश अभिनेत्रीचा उल्लेख ओघात, जेमतेम दोन ओळींत आला होता. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर तिच्यासाठीच राखून ठेवले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ऑस्करचे नामांकन मिळालेली ही अभिनेत्री मुंबईत जन्मली, असे आपण लिहिले आहे. जुन्या पुस्तकांत मात्र तिचे जन्मस्थान ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेट असे दिलेले आढळते. खरे काय मानावे? (एक वाचक, दादर)

उत्तर : मुंबईच खरे. १९ फेब्रुवारी १९११ रोजी तिचा जन्म मुंबईत झाला आणि एस्टेल मर्ल हे नाव ठेवले गेले. वडील आर्थर थॉम्प्सन हे इंग्लंडमधील डार्लिंग्टनचे. ते रेल्वेत यांत्रिकी अभियंता म्हणून इकडे आले होते. आईकडचे कूळ सिलोनचे, मिश्र वंशाचे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. आपले गेटवे ऑफ इंडिया ज्या भेटीची आठवण म्हणून उभे राहिले तीच ही भेट, आणि याच राणीवरून घरात या मुलीला ‘क्वीनी’ म्हणू लागले. पहिले महायुद्ध सुरू होताच वडील आघाडीवर गेले आणि १९१४ मध्ये न्यूमोनियाने वारले. पुढे १९१७ मध्ये शार्लट सेल्बी, जिला मर्ल आई म्हणून ओळखत होती, मुलीला घेऊन कलकत्त्याला गेली. तेथे ला मार्टिनियर या नामांकित शाळेत मर्लला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण तिच्या मिश्र जन्मावरून वर्गातल्या मुली इतके टोमणे मारीत की तिने शाळा सोडली. पुढचे शिक्षण घरीच झाले. नंतर ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करू लागली आणि संध्याकाळी हौशी नाट्यमंडळीत जाऊ लागली.

येथे आपल्या वाचकांना रूबी मायर्सची आठवण होईल. पुण्यात जन्मलेली ही ज्यू मुलगीही टेलिफोन ऑपरेटरच होती. ती मुंबईच्या मूकपटांत आली आणि ‘सुलोचना’ या नावाने सर्वांत मोठी तारका झाली. घरंदाज बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, अशा काळात ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींना मुंबईच्या स्टुडिओंची दारे उघडी होती, आणि १९७३ साली सुलोचनाबाईंना दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. मर्लने मात्र जहाज धरले. या दोघी समकालीन मुली, पण एकीने नाव बदलून हिंदी नायिका व्हायचे ठरवले, तर दुसरीने आपण हिंदुस्थानातल्या आहोत हेच पुसून टाकले.

प्रश्न : तिचा चित्रपटांत शिरकाव कसा झाला आणि आज तिचे कोणते चित्रपट पाहावेत? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : १९२० चे दशक संपता संपता मायलेकी फ्रान्सला आणि तेथून लंडनला पोचल्या. लंडनमध्ये तिने काही काळ कॅफे द पारी या प्रसिद्ध ठिकाणी ‘क्वीनी ओब्रायन’ या नावाने पाहुण्यांचे आतिथ्य करण्याची नोकरी केली आणि चित्रपटांत ज्यांचे नावही येत नाही अशी किरकोळ कामे केली. हंगेरीहून आलेले निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांच्या नजरेत ती भरली. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये त्यांनी तिला राजा हेन्रीच्या राणीची, ॲन बोलिनची, भूमिका दिली. ही भूमिका चित्रपटाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच संपते. शिरच्छेदाच्या दिवशी सकाळी राणी आरशासमोर केस सावरते आहे, आणि केसांवरची जाळी टिकेल ना, याची चौकशी करते आहे. या प्रसंगात रडारड केली असती तर ती सहज विसरली गेली असती. मर्ल तो शांतपणे, जवळजवळ घरगुती स्वरात करते, आणि म्हणूनच चार्ल्स लॉटनच्या हेन्रीने उरलेला सगळा चित्रपट व्यापूनही ही राणी डोळ्यांपुढून हलत नाही. लॉटनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले.

त्यानंतरचा ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ (१९३४) रंजक आहे आणि अवश्य पाहावा. पण माझ्या मते तिचे खरे काम ‘द डार्क एंजल’पासून (१९३५) दिसू लागते. हॉलिवूडमध्ये आल्याबरोबर तिला ‘पूर्वेकडची मोहिनी’ म्हणून भडक रंगभूषेत उभे करण्याचा प्रयत्न झाला होता. निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी तो सारा साज उतरवून तिला साध्या चेहऱ्याची इंग्लिश मुलगी केले. युद्धात अंध झालेला प्रियकर आपल्याला दिसत नाही हे तिच्यापासून लपवतो आणि अखेर त्याचे सोंग तिच्यासमोर उघडे पडते, अशी ही कथा आहे. याच भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. १९३६ च्या समारंभात पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. त्याच वर्षी, १९३६ मध्ये, दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या ‘दीज थ्री’मध्ये, एका शाळकरी मुलीच्या खोट्या चुगलीने आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या शिक्षिकेची भूमिका तिने केली. तिच्या चित्रपटांत हा सर्वांत कमी बोलला जातो, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : ‘वुदरिंग हाइट्स’मधील कॅथीची भूमिका खरे तर व्हिव्हियन ली करणार होती, हे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘करणार होती’ असे म्हणता येत नाही. एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरील या वायलर-चित्रपटात नायकाच्या, म्हणजे हीथक्लिफच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए होता आणि नायिका कॅथी आपली प्रेयसी व्हिव्हियन हिनेच करावी अशी त्याची फार इच्छा होती. गोल्डविन यांनी मर्लला आधीच निवडले होते. व्हिव्हियनला त्यांनी इझाबेलाची दुय्यम भूमिका देऊ केली, ती तिने नाकारली आणि लवकरच ‘गॉन विथ द विंड’ मिळवला. ऑलिव्हिएची नाराजी सेटवर लपली नाही; प्रेमप्रसंगांच्या मध्ये दोघांची भांडणे होत असत. वायलर हे एकच प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करण्यासाठी ख्यात, त्यामुळे ही धुसफूस दोघांनाही बराच काळ सोसावी लागली.

पडद्यावर त्याचा मागमूस नाही. कॅथी स्वयंपाकघरात घरच्या सेविकेला, एलनला, श्रीमंत शेजारी एडगरने घातलेल्या लग्नाच्या मागणीविषयी सांगते, तो प्रसंग पाहावा. हीथक्लिफशी लग्न केल्याने आपली प्रतिष्ठा जाईल, एवढेच ऐकून तो दाराआडून निघून जातो, आणि त्यानंतर कॅथीच्या मनातले खरे बाहेर येते. तो आणि आपण वेगळे नाहीच, हे तिच्या तोंडून निघते तेव्हा ते तिचे तिलाच नवे असते; विजेचा लोळ चमकतो आणि त्या उजेडात तिचा चेहरा एखाद्या घाबरलेल्या मुलासारखा दिसतो. समीक्षकांनी ऑलिव्हिएचे भरभरून कौतुक केले आणि मर्ल सुंदर दिसते असे म्हणून विषय संपवला. हा अन्याय आहे, असे मला पहिल्यापासून वाटत आले आहे. तिची कॅथी कादंबरीतल्यापेक्षा सौम्य आहे हे मान्य. पण ज्या घरात आपण वाढलो त्याची लाज वाटणारी आणि ते घर सोडताना आतून तुटणारी मुलगी तिने जशी उभी केली, तशी दुसऱ्या कोणाला जमली असती असे मला वाटत नाही.

प्रश्न : छायाचित्रणाच्या अभ्यासात ‘ओबी’ नावाच्या दिव्याचा उल्लेख येतो. त्याचा या अभिनेत्रीशी काय संबंध? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ते नाव तिच्याच आडनावावरून पडले. १९३७ मध्ये लंडनमध्ये ‘आय, क्लॉडियस’ या चित्रपटाचे काम चालू असताना तिला मोटार अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या आणि चित्रपट कायमचा बंद पडला. त्याचे उरलेले तुकडे १९६५ मध्ये बीबीसीच्या माहितीपटातून लोकांसमोर आले. पुढे सौंदर्यप्रसाधने आणि औषधे यांच्या दुष्परिणामाने तिची त्वचा आणखी खराब झाली. १९४४ च्या ‘द लॉजर’च्या वेळी छायाचित्रकार लूसियन बॅलार्ड यांनी कॅमेऱ्याच्या भिंगालगतच एक लहान, सौम्य दिवा बसवला. दिवा बाजूला किंवा वर असला की चेहऱ्यावरच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि व्रण उठून दिसतो. भिंगाच्याच दिशेने प्रकाश गेला तर सावली व्रणाच्या मागे लपते आणि कॅमेऱ्याला त्वचा सपाट दिसते; शिवाय डोळ्यांत एक बारीक चमक येते. पुढच्याच वर्षी मर्ल आणि बॅलार्ड यांनी लग्न केले. ते १९४९ मध्ये मोडले, पण दिव्याला तिचे नाव राहिले.

प्रश्न : जन्मस्थान लपवणे हा सरळसरळ खोटेपणा नव्हे काय? आपण मुंबईकरांनी अशा व्यक्तीचा अभिमान का बाळगावा? (दोन वाचक, ठाणे आणि कोल्हापूर)

उत्तर : अभिमान बाळगावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण खोटेपणाचा हिशेब मांडताना तो कोणी मागितला होता, हेही लिहिले पाहिजे.

नुसते हिंदुस्थानात जन्मणे मुळीच लाजिरवाणे नव्हते. व्हिव्हियन लीचा जन्म दार्जिलिंगचा, १९१३ चा, आणि ती तो उघडपणे सांगत असे. दोघीही कोर्डांशीच करारबद्ध होत्या. अडचण होती ती मर्लच्या आईच्या वर्णाची. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या बऱ्याच भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते, १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असे ठरवले, आणि ही बंदी उठायला १९४६ उजाडले. चित्रपटांच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध दाखवण्यास मनाई होती, आणि स्टुडिओ ती इतर वंशांनाही लावीत. याचा परिणाम पाहायचा असेल तर ॲना मे वाँगकडे पाहावे. ‘द गुड अर्थ’ (१९३७) हा चिनी शेतकऱ्याचा चित्रपट. नायक गोरा अभिनेता ठरला, म्हणून नायिकाही गोरीच हवी झाली. चिनी वंशाच्या या गुणी अभिनेत्रीच्या हातून भूमिका गेली आणि ती करणाऱ्या लुईझ रायनरला ऑस्कर मिळाले. मर्लने खरे सांगितले असते तर तिच्या वाट्याला कॅथी आली नसती, हे उघड आहे.

म्हणून प्रसिद्धी खात्याने टास्मानिया शोधून काढले. ते इंग्रजी साम्राज्यात होते, दूर होते, आणि तेथे चौकशीला कोण जाणार? ही कथा तिने तब्बल चार दशके सांभाळली. १९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्ट येथील महापौरांनी ‘आपल्या शहराची कन्या’ म्हणून तिचा सत्कार ठेवला, तेव्हा तिची अवस्था फार अवघड झाली. त्या समारंभात ती बावरली आणि प्रकृतीचे कारण देऊन लवकर निघाली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियातील मालिबू येथे पक्षाघाताने तिचे निधन झाले. १९८३ मध्ये निघालेल्या चरित्रात मुंबई प्रथम छापली गेली.

प्रश्न : तिने स्वतःच्या आईला मोलकरीण म्हणून वागवले, हे वाचून फार वाईट वाटले. हे खरे आहे का? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : शार्लट लंडनच्या घरात मर्लसोबत राहत असे आणि पाहुण्यांसमोर तिला घरकामाची बाई म्हणून दाखवले जाई, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. वर्णाने ती सावळी होती. तिला आई म्हणून ओळख करून दिली असती तर सगळाच उलगडा झाला असता. भगिनी, आपल्यासारखेच मलाही हे वाचवत नाही. पण दार बंद झाल्यावर त्या दोघी एकमेकींशी काय बोलत असतील, याचा विचार केला की मला मर्लवर रागावता येत नाही. १९३७ मध्ये शार्लट वारली. १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिचे तैलचित्र काढून घेतले आणि चित्रकाराला आईचा रंग उजळ करायला सांगितले. पुढे ती कोठेही राहिली तरी हे चित्र तिच्या भिंतीवर असे.

मुंबईच्या जन्मदाखल्यात मात्र आईच्या जागी शार्लटचे नाव नाही. तेथे तिच्या अल्पवयीन मुलीचे, कॉन्स्टन्सचे, नाव आहे. म्हणजे मर्ल जिला आई म्हणत होती ती तिची आजी होती, आणि जिला थोरली बहीण समजत होती ती आई. हा दाखला कॉन्स्टन्सच्या मुलाने शोधून काढला होता. तो लॉस एंजेलिसला मर्लला भेटायलाही गेला, पण तिने भेट दिली नाही, आणि तो परत फिरला. चरित्रकार माहिती विचारायला आले तेव्हा त्याने दाखल्यातले हे नाव त्यांना सांगितले नाही. ते लोकांसमोर आले २००२ च्या एका माहितीपटात.