नवा अरेंजर कीबोर्ड मंचावर नेण्यापूर्वी
नव्या अरेंजर कीबोर्डबद्दल, म्हणजे तालाची साथ आपोआप वाजवणाऱ्या कीबोर्डबद्दल, अभिनंदन. मात्र ते लगेच कार्यक्रमात नेऊ नका, निदान दोन महिने जुनाच कीबोर्ड मंचावर असू द्या. शेकडो स्टाइल (तालाच्या तयार साथी) चाळण्यापेक्षा सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा यांच्या दोन-दोन स्टाइल निवडा आणि इंट्रो (सुरुवात), फिल-इन (मधली भर), एंडिंग (शेवट) यांची बटणे न पाहता दाबता येईपर्यंत त्या घोटा.

प्रत्येक गाण्याचा आवाज, लय व पट्टी रजिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे एका बटणावर परत येणाऱ्या सेटिंगमध्ये, साठवा. पेनड्राइव्हवर प्रतही ठेवा.

सर्वांत घातक चूक ट्रान्सपोजची, म्हणजे बटणाने पट्टी वर-खाली सरकवण्याची. माझ्या एका कार्यक्रमात गायिकेची पट्टी काळी चार असताना इंट्रो काळी पाचमध्ये वाजला, कारण आधीच्या गाण्यासाठी केलेले अधिक दोन (दोन अर्धस्वर वर) शून्यावर आणायचे राहिले होते. (तिने सावरून घेतले, मला मात्र घाम फुटला.)

स्वतःच्या स्टाइल बनवण्याकडे तूर्त वळूच नका.