बुटांची टोकं दाराकडे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

समुपदेशक म्हणून पहिल्याच भेटीत तू त्या बेघर आईला "घर कसं गेलं?" असं विचारलंस आणि ती गप्प झाली. अगं, ही हकिगत तिने निवारा केंद्रात, शाळेत, प्रत्येक अर्जाच्या खिडकीवर सांगून झाली आहे. दर वेळी दोषी तीच ठरते.

मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या थेरपिस्टांनी 1980 च्या दशकात नॅरेटिव्ह थेरपी मांडली, म्हणजे माणूस स्वतःविषयी जी कथा सांगतो तिच्यावर काम करणारी समुपदेशनाची पद्धत. तिचं सूत्र तुला पाठ आहे: माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या हीच समस्या. बेघर कुटुंबांबाबत ते अक्षरशः खरं आहे. भाडं वाढतं, काम सुटतं, मारहाणीमुळे मुलांना घेऊन बाहेर पडावं लागतं. म्हणून विचार, "या बेघरपणाने तुमच्याविषयी तुम्हाला काय काय पटवून दिलंय? आणि कुठे त्याचं काही चालत नाही?"

या दुसऱ्या प्रश्नापाशी थांब. घाई करू नकोस.

एक आई मला म्हणाली होती, "रात्री मुलांचे बूट खाटेखाली जोडीने लावते, टोकं दाराकडे. सकाळी शाळेला उशीर नको." हे कुणाकडून शिकलात, असं विचारल्यावर ती कितीतरी वेळ आपल्या आजीबद्दल बोलत राहिली. आणि तिच्याच फाइलीत मी 'मुलांकडे दुर्लक्ष' असं लिहून ठेवलं होतं. ते मी तिच्यासमोर खोडलं. अजून लाज वाटते.

एप्स्टन भेटीनंतर लोकांना पत्रं लिहीत. तूही लिही, पण आधी विचार: हा कागद ठेवणार कुठे, कुणाच्या हाती लागला तर धोका आहे का? शब्द तिचेच असू देत. 'खंबीर', 'धीराची' ही तुझी विशेषणं नकोत.

अर्जाची मुदत आज संपत असेल, तर आधी रांगेत तिच्यासोबत उभी राहा. बोलण्याने डोक्यावर छप्पर येत नाही, आणि आपल्या गोड प्रश्नांनी घरभाड्याचा अन्याय झाकला जाता कामा नये. याबाबत मी फार आग्रही आहे.

पुढच्या भेटीत, दोघींची तयारी असेल तर, थोरल्या मुलीलाही बसव. आईचं ऐकताना तिला काय आठवलं, एवढंच विचार आणि मग तू ऐकत राहा.

तुझी,
ताई