आधी राउटर उलटा करून बघा (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न (डोंबिवली): सर, घरी टीपी-लिंकचा ८४१एन राउटर आहे. जुना झालाय पण चालतो, कंपनीचं अपडेट यायचं मात्र कधीच बंद झालं. यूट्यूबवर बघितलं की ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरमध्ये घालायचं खुलं सॉफ्टवेअर) टाकलं की जुना राउटर एकदम सेफ होतो, फुकट पण आहे. टाकू का? आणि टाकताना बिघडला तर?

उत्तर: ८४१एन म्हणजे नक्की कुठला? थट्टा नाही करत हां. राउटर उलटा करा, खाली स्टिकर असतं, त्यावर मॉडेलच्या आसपास बारीक अक्षरात व्हर्जनचा आकडा छापलेला असतो. आपल्याला काम आहे ते त्या आकड्याशी, वर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या नावाशी नाही. कारण ८४१एन याच नावाने आतून पार वेगवेगळे राउटर विकले गेलेत. व्हर्जन ८ ते १२ मध्ये ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ३२ एमबी रॅम (चालताना लागणारी मेमरी), १३ मध्ये ८ आणि ६४, आणि १४ आला तो परत ४ आणि ३२ घेऊन! म्हणजे नवा आहे म्हणून चांगला असेल हा हिशोब इथे चालत नाही.

ओपनडब्ल्यूआरटीला आता कमीत कमी ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते, निवांत चालायला १६ आणि १२८ हवी. ४/३२ वाल्यांसाठी शेवटची सिरीज १९.०७ होती, आणि तिचे अपडेटसुद्धा २०२२ मध्ये थांबले. तुम्हाला हवी आहे सिक्युरिटी, आणि टाकणार काय, तर स्वतःच जुनं झालेलं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर), मग मिळवलं काय? तेव्हा स्टिकरवर १३ असेल तर विचार करा (तो साध्या अपलोडने होत नाही, टीएफटीपीने, म्हणजे लॅपटॉपवरून वायरने फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, टाकावा लागतो), दुसरं काही असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका, तेवढ्या खटपटीत नवा घेऊन होईल.

हा व्हर्जनचा घोळ आजचा नाही बरं का. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या शेवटी आला, आत लिनक्स ही खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम निघाली, लायसन्सप्रमाणे कोड खुला करावा लागणार म्हणून लोक मागे लागले आणि २००३ मध्ये कंपनीने कोड दिला, त्याच कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आणि २००५ मध्ये काय झालं, तर त्याच नावाच्या व्हर्जन ५ मध्ये फ्लॅश आणि रॅम दोन्ही निम्मी, लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद कोडची सिस्टिम घातलेली! फर्मवेअर बदलणाऱ्यांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल नावाचा वेगळा राउटर काढला कंपनीने. दुकानात नुसतं नाव सांगून घेणाऱ्यांची तेव्हाही पंचाईत आणि आजही तीच.

आता बिघडण्याचं. नेहमीच्या पद्धतीने टाकताना बूटलोडरला (राउटर चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) हात लागत नाही, तो फ्लॅशमध्ये वेगळ्या जागी असतो, त्यामुळे फर्मवेअर अर्धवट गेलं तरी बऱ्याच टीपी-लिंकमध्ये रीसेट दाबून धरून पॉवर दिली की राउटर वायरवरून फाइल मागतो. उदाहरणार्थ आर्चर सी७ व्हर्जन २ हा १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर शोधतो, म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या लॅन पोर्टला आधी तोच पत्ता हाताने द्यायचा. फाइलचं नावही ठरलेलं असतं, एक अक्षर चुकलं तरी तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पत्ता आणि नाव मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून ते आधीच कागदावर लिहून ठेवा आणि कंपनीचं मूळ फर्मवेअरही आधीच उतरवून ठेवा, कारण राउटर बसला की नेटही गेलं, मग शोधणार कुठे? परत कंपनीच्या फर्मवेअरवर यायचं असेल आणि त्या टीपी-लिंक फाइलच्या नावात बूट असा शब्द असेल तर ती ओपनडब्ल्यूआरटीमधून तशीच चढवू नका, तिच्यात बूटलोडरचा तुकडा असतो, तो काढावा लागतो. हे न वाचता चढवणाऱ्यांचेच राउटर कायमचे जातात जास्त करून.

प्रश्न (कोल्हापूर): दादा, आर्चर सी६ व्हर्जन ३ वर टाकलं, सगळं नीट झालं म्हणाला, पण आता वायफायच दिसत नाही! आणि वायर लावली तरी नेट नाही. मेला का राउटर?

उत्तर: नाही हो, ठणठणीत आहे. बहुतेक राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर वायफाय बंदच असतं, पासवर्ड न ठेवता उघडं नेटवर्क हवेत सोडायचं नाही म्हणून. वायरने लॅपटॉप पिवळ्या-बिवळ्या कुठल्याही लॅन पोर्टला लावा, वॅन (बाहेरून नेटची वायर येते तो पोर्ट) सोडून, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, युजर रूट, पासवर्ड रिकामा. आत गेलात की पहिलं काम पासवर्ड ठेवायचं, मग वायरलेसमध्ये जाऊन देश इंडिया निवडा, नाव-पासवर्ड द्या आणि एनेबल करा. पानच उघडत नसेल तर स्नॅपशॉट (अजून काम चालू असलेली कच्ची आवृत्ती) उतरवलाय का बघा, त्यात लूसी म्हणजे ते वेबवालं पान नसतंच. रिलीजवाली फाइल घ्यायची. आणि कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना फॅक्टरीवाली, नंतर ओपनडब्ल्यूआरटी ते ओपनडब्ल्यूआरटी जाताना सिसअपग्रेडवाली. (नंतरच्या अपग्रेडला सेटिंग राहतं पण तुम्ही वरून टाकलेली पॅकेजेस जातात, त्यांची यादी काढून ठेवा.)

नेट न येण्याचं मला वाटतं हे असावं: फायबरवाल्याचा डबापण १९२.१६८.१.१ वर बसलाय आणि तुमचा राउटरपण, दोघांचा पत्ता एक म्हटल्यावर कोणाकडे जायचं ते कळत नाही. तुमच्याकडची लॅन १९२.१६८.५.१ करून टाका. डबा नाहीये आणि केबलवाल्याची वायर सरळ वॅनमध्ये येते असं असेल तर पीपीपीओईचं (केबलवाल्याच्या कनेक्शनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड टाकावं लागेल, आणि काही केबलवाले जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, तो जुन्या स्टिकरवरून बघून वॅनला द्या नाहीतर त्यांना फोन करून बदलून घ्या. "राउटर बदललाय" एवढंच सांगा, फर्मवेअरचं सांगत बसाल तर पुढचा अर्धा तास त्यातच जाईल.

प्रश्न (फोंडा, गोवा): माझ्या भावाचं म्हणणं आहे की ओपनडब्ल्यूआरटीने स्पीड डबल होतो आणि ट्रान्समिट पॉवर वाढवली की वायफाय मागच्या अंगणापर्यंत जातं. खरं का?

उत्तर: नाही आणि नाही. प्लॅन ५० चा असेल तर ५०च मिळणार, आणि राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतील तर २०० चा प्लॅन घेऊनही वायरवर शंभराच्या आतच. पॉवरचं म्हणाल तर मर्यादा देशाच्या नियमाने ठरते, दुसरा देश निवडून ती वाढवणं बेकायदेशीर आहे, आणि समजा वाढवली तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो ना, राउटर ओरडेल पण अंगणातून फोनने दिलेलं उत्तर त्याला ऐकू येणार नाही. तिथे दुसरा राउटर वायर ओढून अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय द्यायला, लावा.

खरा फायदा दुसरीकडे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. एसक्यूएम नावाचं, डेटाची रांग सांभाळणारं पॅकेज टाका, त्यात केक ही पद्धत निवडा, आणि अपलोड-डाउनलोडचे आकडे मोजलेल्या स्पीडच्या साधारण ९० टक्के भरा. घरात कोणी फोटोंचा बॅकअप लावला की तुमचा व्हिडिओ कॉल अडकतो ना, तो अडकायचा थांबतो, कारण डेटाची रांग मोडेममध्ये तुंबण्याऐवजी राउटर ती स्वतः सांभाळतो. स्पीडटेस्टचा आकडा थोडा कमी दिसेल, भावाला दाखवू नका. फक्त सगळं काम प्रोसेसरवर येतं, स्वस्त राउटर मोठ्या प्लॅनला दमतो, आणि ऑफलोडिंग (डेटा नेहमीच्या वाटेला वळसा घालून झटपट पुढे पाठवायची सोय) चालू ठेवून एसक्यूएम धड चालत नाही, दोन्हीतलं एक.

प्रश्न (नांदेड): फायबरवाल्यांनी जो डबा फुकट दिलाय त्यावरच टाकता येईल का?

उत्तर: नको. डबा त्यांचा आहे, आणि त्यातल्या फायबरच्या भागाला ओपनडब्ल्यूआरटीचा सपोर्ट बहुतेक वेळा नसतोच. तो डबा तसाच ठेवून मागे स्वतःचा राउटर लावा, जमलं तर त्यांच्याकडून ब्रिज मोड करून घ्या, म्हणजे डबा नुसता नेट पुढे देईल आणि राउटरचं काम तुमचा राउटर करेल. राउटर घेताना ब्रॉडकॉमची वायफाय चिप टाळा, त्यांचे खुले ड्रायव्हर धड नाहीत, मीडियाटेकवाला घ्या. आणि पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला खोका दाखवायला सांगून व्हर्जन वाचा, दाखवीन नंतर म्हणाला तर दुसरं दुकान बघा.