पटाशीचा दात अडला कुठे?

प्रश्न: माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. वरचा उजवा पटाशीचा दात वर्षापूर्वीच आला, डाव्याचा पत्ता नाही. सासूबाई म्हणतात, येईल सावकाश. थांबू का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, आता थांबू नका. हे दोन्ही दात साधारण ७-८व्या वर्षी, थोड्या अंतराने येतात. आधी एक्स-रे काढून घ्या. अशा मुलांच्या जबड्यात मला बऱ्याचदा सुळक्यासारखा छोटा जादा दात दडलेला दिसतो. तोच वाट अडवतो. वेळेत काढला, तर खरा दात अनेकदा आपणहून उतरतो. पटाशीचा मधला दात मुळातच नसणं फार दुर्मीळ. नसतात ते बहुधा त्याच्या शेजारचे, किंवा खालच्या दुसऱ्या उपदाढा (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधले दात). अशी उपदाढ नसेल, तर तिथली दुधाची दाढ मात्र घाईने काढू देऊ नका. धड असेल तर ती कित्येक वर्षं टिकते.