बाल-इस्पितळात बाळंतपणाचा विभाग काढताना आराखड्यात आधी काय बघावं?

गोव्यापुरतं सांगायचं तर आधी अंतर बघा. गर्भातच गंभीर हृदयदोष किंवा श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) छिद्र दिसलेल्या बाळाला जन्मल्या क्षणापासून उपचार लागतात. म्हणून प्रसूतीच्या खोलीला लागूनच बाळाची उपचारखोली हवी, मध्ये लिफ्ट नकोच. फिलाडेल्फियाच्या बाल-रुग्णालयाने २००८ मध्ये असाच विभाग सुरू केला.

पण आईला विसरू नका! बाल-इस्पितळात मोठ्या माणसांचा अतिदक्षता विभाग सहसा नसतो. बाळंतिणीला रक्तस्राव झाला तर रक्त, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह काही मिनिटांत मिळायला हवं. त्यामुळे बांबोळीला, गोमेकॉला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाला) जोडूनच हे बांधावं असं मला ठामपणे वाटतं. शिवाय काणकोण-पेडण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतल्या बायकांना शेवटचे आठवडे जवळ राहायला खोल्या द्या, सोबतच्या माणसासकट.