गोचीड तापाची लस टोचली, की सुटलो का?

प्रश्न (गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून): बेळगावहून संकरित गाय आणली. काही आठवड्यांत कडक ताप आला, खांद्यापुढे गाठ आली, दूध आटलं. डॉक्टरांनी थायलेरिया, म्हणजे गोचिडातून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा ताप, सांगितला. गाय वाचली. आता घरच्या दोन कालवडींना लस टोचली, की गोचिडांची कटकट मिटेल ना?

उत्तर: लस जरूर टोचा. कटकट मात्र मिटणार नाही, कारण वाचलेली गायच आता तुमच्या गोठ्यातलं बियाणं आहे. ती धडधाकट दिसते, पण तिच्या रक्तात थायलेरिया टिकून राहतो. पिल्लू गोचीड तिचं रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं आणि पुढच्या वेळी कालवडीला चावून रोग देतं.

लाळ्या-खुरकुताच्या लशीत विषाणू मेलेला असतो. या लशीत परजीवी जिवंतच असतो, फक्त प्रयोगशाळेत पेशींमध्ये वारंवार वाढवून त्याची नांगी मोडलेली असते. म्हणून ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर ठेवावी लागते; कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात तसल्याच भांड्यात. घरच्या फ्रीजमध्ये ठेवलेली लस म्हणजे पाणीच समजा. वितळवली की लगेच वापरायची, तेव्हा वाड्यावरची सगळी वासरं एकाच दिवशी गोळा करा. कालवड गाभण किंवा आजारी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. टोचल्यावरही महिनाभर तरी गोचिडापासून जपा, अंगात ताकद यायला तेवढा वेळ लागतो.

लाल लघवीचा बॅबेसिया हा गोचिडातूनच येणारा रोग वेगळा, त्याला ही लस चालत नाही. ऑस्ट्रेलियात त्याचीही जिवंत लस देतात. खुद्द गोचिडाविरुद्धची लस 1990च्या दशकात क्युबा आणि ऑस्ट्रेलियात आली. गाईच्या रक्तातून गेलेली प्रतिद्रव्यं गोचिडाचं आतडं फोडतात, त्याची अंडी घटतात. पण अंगावरचं गोचीड त्याच दिवशी गळून पडेल, असं तिथेही होत नाही.

आपल्याकडे गोठ्याला गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती असतात. रात्री बॅटरी घेऊन चिऱ्याच्या भोकांत बघा, कात टाकायला बसलेली गोचिडं तिथेच सापडतील. गाईला औषध मारता आणि भिंत तशीच सोडता, हे मी गोठ्यागोठ्यात बघतो. भोकं सिमेंटने बुजवा, खालच्या दोन हातांना तरी गिलावा करा. जळकं इंजिन ऑइल गाईला चोळू नका, कातडी सोलवटते. फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. तोवर कालवडी त्या गाईपासून दूर, दुसऱ्या टोकाला बांधा.